अळणी पान

डॉक्टरांनी माझं मीठ बंद केलं आहे. रक्तदाब म्हणे. सून बिचारी ओशाळून पान वाढते, "अम्मा, थोडे दिवस सोसा" असं तमिळमध्ये समजावते, आणि मला हसू येतं. तिला वाटतं, म्हातारी समजूतदार आहे. अळणी जेवण म्हणजे काय, हे मला मुलगी असतानाच शिकवून झालेलं आहे आणि तेव्हा माझा रक्तदाब अगदी ठीक होता. हे मी देवनागरीत लिहिते आहे. घरात ही लिपी वाचणारं आता कुणी उरलं नाही. नातवंडांना आपलं मराठी कळतं, पण उत्तर तमिळमधून येतं. तेव्हा कुणाची भीड धरण्याचं कारण नाही.

तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. त्या घरात कुणी ओरडत नसे. येणाऱ्याजाणाऱ्याला याचं भारी कौतुक. पहाटे आईच्या हातची कॉफी पितळी गाळणीतून ठिबकत असे, मागच्या अंगणात बायका भात कांडत, उखळाचा आवाज उन्हं वर येईपर्यंत चाले. पण माणसाचा आवाज चढलेला कधी ऐकू यायचा नाही. कर्ते होते तात्या, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पापनाशमकडे कावेरीच्या पाण्यावरची मोठी मिरास, म्हणजे पिढीजात जमीन, त्यांच्या नावावर होती. त्यांचा राग झाला की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येत आणि आत न पाहता हळूच सांगत, "अमक्याच्या पानांत मीठ नको." एवढंच. केळीच्या पानावर आधी डाव्या हाताच्या कोपऱ्यात मीठ पडतं, मग बाकीचं वाढतात. त्या माणसाचा कोपरा रिकामा राहायचा. सांबार, भाजी, सगळं मीठ घालण्याआधी त्याच्यासाठी वेगळं काढायचं. किती दिवस, ते कुणी विचारायचं नाही. ज्याच्या पानात मीठ नाही त्यानं मागायचंही नाही, शेजारच्यानं द्यायचं नाही. सगळ्यांनी नेहमीसारख्या गप्पा मारत जेवायचं. त्याच सुमारास वेदारण्यमच्या किनाऱ्यावर लोक मिठासाठी लाठ्या खात होते. आमच्या घरातल्या मिठावर मात्र तात्यांचंच राज्य होतं.

माझ्या वडिलांनी तात्यांना न विचारता माझं नाव मिशनच्या मुलींच्या शाळेत घातलं. त्या दिवसापासून त्यांचं पान अळणी झालं, आणि पावसाळ्यात ते तापानं गेले तोवर अळणीच राहिलं. शेवटच्या आजारात आईनं पेजेत चिमूटभर मीठ टाकलं. त्यांनी चव ओळखली आणि वाटी बाजूला सारली. भिऊन सारली की मानानं, ते मला अजून ठरवता येत नाही. पुढे आईचं केशवपन झालं, ती तांबडं आलवण नेसू लागली, आणि स्वयंपाकघर कायमचं तिच्याकडे आलं. शाळेतून मला काढलं मात्र नाही. तात्या म्हणाले, "मेलेल्या भावाचा शब्द मोडायचा नाही." माणूस निव्वळ वाईट असता तर सोपं झालं असतं.

मग मद्रासहून माधवकाका आला. हा वडिलांचा धाकटा भाऊ. अर्थशास्त्रात पहिला आलेला, आणि आता तांदळाच्या परदेशी व्यापारावर संशोधन करायला शिष्यवृत्ती घेऊन घरी उतरलेला. तात्यांना आनंद मावेना. तेव्हा भाताचे भाव पार कोसळले होते. आमच्या ओट्यावर, ज्याला आम्ही तिण्णै म्हणतो, रोज संध्याकाळी मिरासदार जमायचे, तंबाखू मळायचे आणि रडायचे. सयाम आणि सैगोनचा तांदूळ बोटींनी नागपट्टणमला येऊन पडतोय, त्यातल्या कण्या तर मातीमोलानं विकल्या जातायत. सरकारनं त्यावर जकात बसवल्याशिवाय आपण जगत नाही. सरकारचा एक साहेब चौकशीला येणार होता. त्याच्यापुढे मिरासदारांच्या बाजूनं बोलायला घरचाच विद्वान मिळाला, आणखी काय पाहिजे? तात्यांनी माधवकाकाच्या पानात तूप दुप्पट करायला सांगितलं.

माडीवरच्या खिडकीत काकानं काचेचे पेले ओळीनं मांडून ठेवले होते. एकात रंगूनचा तांदूळ, एकात सैगोनचा, एकात सयामच्या कण्या, आणि शेवटी आमचा सांबा. मी शाळेतून आले की तो मला डोळे मिटायला लावायचा आणि एकेक दाणा दाताखाली देऊन ओळखायला सांगायचा. मद्रासच्या इंग्रजी पेपरातले बाजारभाव मी मोठ्यानं वाचायची आणि तो कागदावर रेघा ओढत बसायचा. मला बापाची आठवण यायची ती तिथेच, आणि तिथेच ती कमीही व्हायची. एकदा त्यानं विचारलं, "यमू, जकात कोण भरतो, सांग."

"बोटवाला," मी म्हटलं.

"तो भाव वाढवूनु व्यापाऱ्यावर घालील."

"मग व्यापारी."

"तो गिऱ्हाइकावर घालील. गिऱ्हाईक श्रीमंत असलें तर दुसरें कांहीं खाईल. मग?"

 तो पेल्यातल्या कण्या हातावर घेऊन म्हणाला, "ज्याला दुसरीकडे जायला वाट नाहीं, तो भरतो. कायद्यांत नांव कोणाचेंही असो. हें ध्यानांत ठेव, परीक्षेंत कोणी विचारणार नाहीं." मी ध्यानात ठेवलं.

एकदा तो मला रेल्वेनं नागपट्टणमला घेऊन गेला. धक्क्यावर पोती उतरत होती आणि फुटक्या पोत्यांतून सांडलेल्या कण्या म्हाताऱ्या बायका झाडूनं गोळा करत होत्या, धुळीसकट. त्याच वेळी एका बोटीतून माणसं उतरली. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून परत पाठवलेली, आमच्याच मुलखातली. अंगावर चिंध्या, एका बाईच्या कडेवर पोटाचा नगारा झालेलं मूल. काकानं तिला तमिळमध्ये विचारलं, तिकडे तांदूळ कुठला खात होतात? "रंगूनचा," ती म्हणाली, "आणि तोही आता परवडेना." परतीच्या गाडीत काकानं मला समजावलं. अमेरिकेत लोकांनी मोटारी घेणं थांबवलं, म्हणून रबराला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून मळे बंद, म्हणून ही माणसं परत. पूर्वी आपला तांदूळ सिलोनला जाई, तिथला बाजारही रंगूननं कधीच घेतला. आणि रंगून पडलं आपल्याच सरकारच्या राज्यात, त्याला कोण जकात लावणार? राहिल्या सयामच्या कण्या. त्या खाणार कोण, तर ही परत आलेली बाई. मी खिडकीबाहेर पाहत होते. पापनाशमची हिरवी शेतं मागे पळत होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ती कुठल्यातरी लांबच्या माणसाच्या मोटारीला बांधलेली आहेत. आनंदानं अंगावर काटा आला. तेव्हाच ठरवलं की आपण हेच शिकायचं. मद्रासच्या बायकांच्या कॉलेजात जायचा अर्ज काकानंच माझ्याकडून भरून घेतला.

काकानं तात्यांपासून लपूनछपून काही केलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. सगळं जुळल्यावर त्यानं तिण्णैवर भरल्या बैठकीत सांगितलं, "तात्या, जकातीनें आपला भाव चढणार नाहीं. गरिबाच्या तोंडचें मात्र महागेल. मी साहेबापुढे तेंच सांगणार." कुणाच्या तरी हातातली तंबाखू तशीच राहिली. तात्या हसले. "सरि," म्हणाले, म्हणजे तमिळमध्ये "बरं". "तुला कण्यांचा इतका कळवळा आहे, हें आम्हांला ठाऊक नव्हतें."

दुसऱ्या दिवशी बाजारातून सयामच्या कण्यांचं पोतं आलं. तमिळमध्ये त्याला नोय म्हणतात. आमच्या घरात ते गुरांनाही घालत नसत. तात्यांनी उंबऱ्याशी येऊन सांगितलं, माधवाच्या पानात मीठ नको, आणि आपला भातही नको. आईनं वेगळं पातेलं चढवलं. तो करडा, कुबट वासाचा गोळा काकाच्या पानात पडला तेव्हा पंक्तीत सगळ्यांच्या पानात वाफाळता सांबा होता, वर तुपाची धार, बाजूला वांग्याची रसवंगी. काका जेवला. म्हणाला, "वहिनी, बरें शिजलें आहे." त्या कण्यांतले खडे मीच निवडून ठेवले होते.

पुढे हा तमाशा झाला. मिरासदार मुद्दाम जेवणवेळेला यायचे. विशेषतः पापनाशमचे पंत. तात्यांच्या शेताला लागूनच त्यांची जमीन, बायको नुकतीच बाळंतपणात गेलेली, वय तात्यांपेक्षा थोडंच कमी. ते काकाच्या समोरचं पान धरायचे आणि विचारायचे, "कायहो प्रोफेसर, आज सयामचें हवामान कसें आहे?" पंगत हसायची. काकाचं पोट बिघडलं, गाल बसले, पण तो उठून दुसरीकडे जेवायला गेला नाही. गेला असता तर घर सुटलं असतं. मी पाणी वाढत फिरायची आणि पंत मान वर करून माझ्याकडे पाहायचे. मला वाटायचं, त्यांना तहान फार लागते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी तात्यांनी काकाला आणि मला समोर बोलावलं. आई दाराआड उभी होती. तात्या पान लावत होते. चुना लावून, शिरा काढून, निवांत. "माधवा," ते म्हणाले, "नोय खाऊनु तूं वठणीवर येत नाहींस. बरें. अत्तां नीट ऐक. उद्यां साहेबाला जकात पाहिजे म्हणालास, तर यमू मद्रासला जाईल. फी, खाणावळ, सगळें मी देईन, ती शिकेल तोंवर. नाहीं म्हणालास, तर पंतांनी तिला मागणी घातली आहे आणि पुढचा मुहूर्त चांगला आहे." विडा त्यांनी माझ्या हातात दिला, काकाला द्यायला. 

माडीवर गेल्यावर काका पेल्यांपाशी उभा राहिला.  मग म्हणाला, "तूं सांग गे, यमू. मी काय म्हणूं?" आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझ्या कपाळावरची शीर उडते. मोठ्या माणसानं पोरीला हे विचारायचं असतं का? पण त्यानं विचारलं आणि मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "जकात पाहिजे म्हण. एक वाक्य आहे, काका. तुझ्या एका वाक्यानें सरकार कांहीं हलत नाहीं. मला मात्र त्या माणसाच्या घरीं जायला लागेल." तो माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "सरि. म्हणतों."

मी ट्रंक भरायला घेतली. दोन परकर, चार दावण्या, म्हणजे परकरावर घ्यायच्या अर्ध्या साड्या, वडिलांचं फाउंटनपेन. दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळी चौकशीला गेली. आईनं सणाचा असावा तसा स्वयंपाक केला, आणि मी ओसरीत गुणगुणत फुलं ओवत बसले. उन्हं कलता सगळे परतले.  हातपाय धुऊन पंगत बसली. मी दाराआडून पाहिलं तर काकाच्या पानात मीठ होतं. सांबा होता, तूप होतं, पापड, पायस, सगळं. माझा जीव भांड्यात पडला. तो खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, मनाविरुद्ध बोलावं लागलं म्हणून लाजतोय बिचारा. त्याच्यावर माझा इतका जीव त्याआधी कधी जडला नव्हता.

पुरुष उठल्यावर आमची पानं मांडली. मी बसले. आई वाढायला आली. तिनं माझ्या पानावर पाणी शिंपडलं आणि डाव्या कोपऱ्यावरून हात तसाच पुढे नेला. मी वर पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मग तिनं आतून एक वेगळी वाटी आणली, त्यातलं सांबार माझ्या भातावर घातलं, आणि तिच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं. मी घास घेतला. अळणी होता.

तसं मला कळलं. तोंडानं कुणी सांगितलं नाही. मी पान टाकून माडीवर धावले तर काका वळकटी बांधत होता. पेले रिकामे केलेले. तो म्हणाला, "यमू, माझ्याच्यानें झालें नाहीं गे." मी म्हटलं, "तुझ्या पानांत मीठ कसें?"  तात्यांच्या लेखी त्याचा गुन्हा फिटला होता. शिक्षा दुसऱ्या पानावर गेली होती. वड्याचं तेल वांग्यावर, असं आपण सहज म्हणतो. संध्याकाळच्या गाडीनं तो मद्रासला गेला.

चौकशीत काय झालं ते मला लग्नानंतर पंतांनीच सांगितलं, रंगवून, पोट धरधरून हसत. साहेबानं विचारलं, जकात असावी का? काका टेबलाकडे पाहत राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हो म्हणणार. मग त्यानं सुरुवात केली ती थांबेचना. मोटारी, रबर, रंगून, नागपट्टणमच्या झाडूवाल्या. साहेबाला जांभया येत होत्या. त्यानं घड्याळ पाहिलं आणि आभार मानले. कण्यांवर जकात पुढे बसलीच. काकाच्या बोलण्यानं ना ती अडली, ना लांबली. आणि मिरासदारांचं भलं झालं म्हणावं, तर तेही फारसं नाही. तिण्णैवरचं रडगाणं तसंच चालू राहिलं. म्हणजे मी जे काकाला सांगितलं होतं, एका वाक्यानं सरकार हलत नाही, ते परदेशी व्यापाराबद्दलचं माझं पहिलं आणि शेवटचं अनुमान. बरोबर निघालं. शितावरून भाताची परीक्षा मलाही येत होती.

पापनाशमच्या संसाराबद्दल मी फार लिहिणार नाही. पंतांनी मला मारलं नाही. पुस्तक हातात दिसलं की ते हसून म्हणायचे, "काय, प्रोफेसरीण?" आणि ते माझ्या हातून घेऊन चुलीजवळ ठेवायचे. मी शिकले असते तर काय झालं असतं, हा विचार मी बरीच वर्षं रोज केला, जसं लोक रोज देवाचं नाव घेतात. मग सोडून दिला.

काका मोठा झाला. त्याचं पुस्तक निघालं, विलायतेत वाखाणलं गेलं म्हणे. महायुद्धाच्या दिवसांत जपान्यांनी रंगून घेतलं, तिकडून तांदूळ येणं थांबलं, आणि ज्या कण्यांवर इतकं रामायण झालं त्या कण्यांसाठी लोक आमच्या दाराशी वाटी घेऊन उभे राहू लागले. त्या वेळी सरकारनं काकाला तांदळाची पाहणी करायला पाठवलं. एका सकाळी पापनाशमच्या आमच्या दारात मोटार थांबली. केस पिकलेले, चष्मा जाड, खिशात दोन पेनं. पंत तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. काका दारात उभा राहून म्हणाला, "यमू." मी म्हटलं, "या. जेवूनच जा तुम्ही." त्याला मी त्याआधी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ते त्याला लागलेलं मला दिसलं.

मी स्वतः स्वयंपाक केला. सांबा शिजवला, रसवंगी केली, तूप कढवलं. बाहेर तो माझ्या मुलीला जगाचे व्यवहार समजावत होता. युद्धानं सगळं कसं उलटंपालटं झालं, काल जे स्वस्त म्हणून नको होतं ते आज मिळत नाही, वगैरे. आवाज तोच होता, गोड. मुलगी डोळे विस्फारून ऐकत होती. मी तिला आत हाक मारली आणि पाणी भरायला मागच्या अंगणात पाठवलं.

काका पानावर बसला. मी पाणी शिंपडलं. डाव्या कोपऱ्यावरून हात तसाच पुढे नेला. भात वाढला, आणि वेगळ्या वाटीतलं सांबार त्यावर घातलं. त्यानं एकदा त्या कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी समोरच बसले, पंखा हलवत. तो आमच्या घरचाच माणूस, त्यानं मागितलं नाही. सगळं जेवला, शेवटचा ताकभातसुद्धा. हात धुऊन निघताना त्याला काहीतरी बोलायचं होतं. मी पान उचलायला वाकले.

मोटार गेल्यावर मुलगी विचारत होती की आजोबा रडत का होते. मी तिला सांगितलं, सांबार तिखट झालं होतं.